डोळा, खांदा आणि बंद हुकूम

आमच्या घरात ‘दुर्लक्ष’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. दूध उतू गेलं तर दुर्लक्ष. कपडे वाळत घालून दोरीवरच विसरले तर दुर्लक्ष. शेजारच्या विंगमधल्या एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा तिच्या आईबद्दल आमच्या आईने “दुर्लक्ष, दुसरं काय,” एवढंच म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. त्यामुळे बोरिवलीच्या डॉक्टरबाईंनी टेबलापलीकडून आईकडे पाहत, अगदी मऊ आवाजात “तुम्ही फक्त दुर्लक्ष करा” असं सांगितलं, तेव्हा आईचा चेहरा जसा झाला तसा मी नंतर फारसा पाहिला नाही. आपल्याला कुणीतरी वाईट आई व्हायला सांगतंय, असं तिला वाटलं असावं. मी परवा फोनवर तिला विचारलं तर ती म्हणाली, तसं काही नव्हतं, मला फक्त पंख्याचा वारा लागत होता. वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर दोन बाजू छापायची सवय लागते, म्हणून तिचं म्हणणंही इथे नोंदवते.

आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा फोर्टातल्या एका विमा कचेरीत होते. सकाळी उजाडल्या उजाडल्या निघायचे आणि दिवेलागणीनंतर परत यायचे. आई संगमेश्वराकडची. लग्नानंतर परळला, मग तिथली खोली सोडून इथे. घरात आम्ही तिघंच, पण आवाज सहा माणसांचा असायचा, त्यातले चार माझे. मी खुर्चीवर बसून जेवले नाही, खुर्चीच्या भोवती जेवले. बोलायला लागले की तिसऱ्या शब्दावर विषय बदलायचा. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून लिहून शेवटी आईबाबांना बोलावलं, तिथून बोरिवली, तिथे दोन-तीन वेळा तपासणी, आणि मग रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी सुरू झाली.

त्या गोळीबद्दल लोक बरंच काही बोलतात, म्हणून मला काय झालं ते सांगते. मी एक वाक्य वाचायला घेतलं आणि पूर्णविरामापर्यंत पोहोचले. मग पुढचं घेतलं. त्याआधी मला वाक्यं माहीत होती ती गर्दीसारखी, कुठूनही आत शिरायचं आणि कुठूनही बाहेर पडायचं. आता त्यांना सुरुवात आणि शेवट होता. मला कुणी वेगळं मूल करून टाकलं नव्हतं. बडबड तीच होती, पण आता मी माझीच बडबड ऐकू शकत होते. दुपारी भूक मरायची, हे मात्र खरं. डबा जसाच्या तसा परत यायचा आणि आईचा जीव खालीवर व्हायचा. मग तिने जेवणाची वेळच उलटी केली. सकाळी गोळीच्या आधी दोन घावन आणि नारळाचं दूध, दुपारी जे जाईल ते, आणि संध्याकाळी गोळी उतरली की भात, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, वर पुन्हा भात. बाबा म्हणायचे, हिचा दिवस संध्याकाळी सात वाजता सुरू होतो.

गोळीला बऱ्यापैकी रुळल्यावर डोळे सुरू झाले. आधी दोन्ही डोळे घट्ट मिटायचे आणि उघडायचे, जोरात, लागोपाठ. मग उजवा खांदा कानाकडे उडू लागला. मी मुद्दाम करत नव्हते आणि मला ते थांबवताही येत नव्हतं. म्हणजे थोडा वेळ यायचं, शिंक थोपवावी तसं, पण मग एकाऐवजी दोन झटके यायचे. घरात कारणं शोधायला सुरुवात झाली. टीव्ही, मोबाइल, शांपू, समोरच्या बांधकामाची धूळ. चष्म्याच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. मोरव्याहून मासे घेऊन येणारी मावशी पायरीवर पाटी उतरवून बसली होती, तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आईला म्हणाली, “बाय, तुजी पोर मना डोला मारते. मी काय जवान हाय का?” आई हसली नाही. तिने बोंबलांचा वाटा घेतला, दार लावलं आणि मला म्हणाली, डोळे नीट ठेव. दिवसातून कितीदा तरी ती हे म्हणायची. डोळे नीट ठेव, खांदा खाली घे, हे काय नवीन. प्रत्येक वेळी माझा खांदा तिचं ऐकायच्या ऐवजी तिला उत्तर द्यायचा.

शेजारी विचारू लागले तेव्हा आईने ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द काढला. त्यात खोटं फार नाही आणि पुढे कुणी विचारत नाही, असा तिचा हिशेब होता. गोळीबद्दल तर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही.

तर त्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला काही वेळ खेळायला दिलं, बोलतं केलं, आणि मग आईबाबांना सांगितलं की याला टिक्स म्हणतात. ज्या मुलांना लक्ष लावायला अवघड जातं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गोळीशिवायही असे झटके येतात. ते येतात, काही आठवडे राहतात, जातात, जागा बदलून परत येतात. गोळीमुळे काही मुलांत ते जास्त दिसू लागतात, सगळ्यांत नाही. लगेच घाबरून गोळी बंद करू नका, थोडा काळ बघू, मोबाइलवर एक-दोनदा चित्रण करून आणा, त्रास वाढला तर मात्रा कमी करू किंवा वेगळं औषध पाहू. झोप पुरी होऊ दे. आणि टोकू नका. टोकलं की वाढतं. तुम्ही फक्त दुर्लक्ष करा.

त्या दिवशी परत आल्यावर स्वयंपाकघरात आईबाबांचं बोलणं झालं. मी बाहेरच्या खोलीत होते आणि गोळीमुळे माझं लक्ष चांगलं लागत होतं. आई म्हणाली, पुढच्या खेपेला मी सांगणार, बंद करा म्हणून. पोरगी वेंधळी होती ती परवडली. वेंधळी मुलं लग्नानंतर सुधारतात. डोळे मारणाऱ्या मुलीचं काय करायचं? बाबा काहीतरी पुटपुटले. ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा होकार नेहमी पुटपुटण्यातच असायचा. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. त्यातलं प्रकरण अर्ध्यावर होतं आणि तोवर मी कुठलंही प्रकरण अर्ध्यावर आहे हे कळण्याइतपत कधी वाचलं नव्हतं. पुढच्या खेपेनंतर हे पुन्हा गर्दीसारखं होणार, एवढंच मला समजलं.

मधल्या काळात दुर्लक्षाची अंमलबजावणी सुरू झाली. आमच्या घरात ज्याच्यावर प्रेम त्याच्या चुका काढायच्या, अशी रीत होती, आणि आता एका चुकीवर बोलायला बंदी आली. आई ते कर्तव्य म्हणून करायला लागली. माझे डोळे मिटले की ती झटकन वर पंख्याकडे बघायची. खांदा उडाला की मागे वळून कुकरला हात लावायची, कुकर गॅसवर नसला तरी. बाबांनी आपल्यासाठी पाण्याचा विषय ठरवून घेतला होता. मला झटका आला की ते लगेच म्हणायचे, “आज पाणी किती वेळ होतं?” जेवताना लागोपाठ तीन झटके आले तर पाण्याची चौकशी तीनदा व्हायची आणि आई पंख्याकडे बघत तीनदा उत्तर द्यायची. मला आयुष्यात एवढं लक्ष कधीच मिळालं नव्हतं.

आता पत्त्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं. आई मेंढीकोट खेळायची. खेळायची म्हणजे गणपतीत गावाला गेली की पहाटेपर्यंत, आणि गावात तिच्याविरुद्ध बसायला लोक कचरायचे. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघे भिडू. पानांमधल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. त्या जास्तीत जास्त आपल्याकडे ओढायच्या, चारही ओढल्या तर समोरच्यांवर कोट. एक जण आपलं एक पान पालथं ठेवतो, तो बंद हुकूम. त्याचा रंग त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतो, त्याच्या भिडूलाही नाही. भिडूला खूण करायची नाही. खोकायचं नाही, पान आपटायचं नाही, डोळ्याने तर नाहीच. आईच्या माहेरी एका जावयाने पत्त्यांत खूण केली म्हणून दोन घरांचं एकमेकांकडे हळदीकुंकवाला येणंजाणं बंद झालं होतं, आणि ते योग्यच झालं असं आईचं मत होतं.

आईची भिडू म्हणजे तिची बहीण. ती चिपळूणला. भाईंदरमध्ये आईला भिडूच नव्हता. बाबांना गेलेली पानं लक्षात राहत नसत. त्यांना आलेलीही राहत नसत. मी तर चौथ्या हाताला पत्ते जमिनीवर लावून त्यांचं घर बांधायला लागायचे. गोळी सुरू झाल्यावरच्या एका रविवारी आईने सहज पत्ते पिसले आणि मला विचारलं, इस्पिकची किती पानं गेली? मी सांगितली. तिने विचारलं, कुठली राहिली? तीही सांगितली. तिने पत्ते गोळा करून ठेवून दिले. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी भांडी झाल्यावर तिने मला शिकवायला सुरुवात केली. उतारी, म्हणजे हाताची सुरुवात, कधी कुठल्या पानाने करायची, भिडूने मोठं पान फुकट टाकलं तर त्याचा अर्थ काय, हुकूम उघडायची घाई का करायची नाही. तिचं माझ्याशी पत्त्यांव्यतिरिक्तचं बोलणं तेव्हा बहुतेक तक्रारीचं असायचं. पत्त्यांवर बसली की ती मला बरोबरीच्या माणसासारखं वागवायची. ही गोळीचीच देणगी, हे दोघींना माहीत होतं. 

समोरच्या दारात कांताबेन आणि हसमुखभाई राहायचे. मुलगा-सून वसईला, घरात दोघंच. श्रावणातल्या सातमीला त्यांच्याकडे चूल पेटवत नाहीत, सगळं आदल्या दिवशी करून ठेवतात आणि दिवसभर गारच खातात. कांताबेनच्या मते ही देवीने बायकांना दिलेली सुटी आहे, आणि त्यांच्या माहेरी ती सुटी पत्ते खेळण्यासाठीच असते. त्या वर्षी सातम रविवारी आली. बोरिवलीची पुढची खेप त्याच आठवड्यात होती. कांताबेनने सकाळीच दार वाजवून आईला बोलावलं. चौथं माणूस कोण, तर आईने क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ऋजू बसेल.

त्यांच्या हॉलमध्ये खाली चटई घातली होती. मधे ताटात थंड ढेबरे, दही, कैरीचा छुंदा, मोहनथाळाचे तुकडे. ढेबऱ्याला बाजरीचा आणि मेथीचा वास, आणि चूल बंद असल्यामुळे त्या घरात फक्त तोच वास. मला भूक नव्हती तरी मी दोन खाल्ले. आई माझ्या समोर, कांताबेन आईच्या उजवीकडे, हसमुखभाई माझ्या उजवीकडे. पहिले दोन डाव आम्ही जिंकलो. मी खुशीत होते, आणि आज मला माहीत आहे की खुशीतही टिक्स वाढतात. चांगलं पान आलं की डोळे घट्ट मिटायचे, दोनदा, तीनदा. मग डाव रंगला की मी त्यात बुडायचे आणि डोळे आपोआप शांत व्हायचे. नवीन पानं हातात आली की पुन्हा सुरू. आई नेमाने पंख्याकडे बघत होती. हसमुखभाई आणि कांताबेन मात्र पंख्याकडे बघत नव्हते.

तिसऱ्या डावात हुकूम माझा होता. मी बदामाचं पान पालथं ठेवलं. किलवरच्या पहिल्या हाताला आईने एक्का उतरवला, कांताबेनने तिरी टाकली, माझ्याकडे किलवरची एकटी राणीच होती, ती मी टाकली. हात आमचा. आईने लगेच पुन्हा किलवरचं हलकं पान उतरवलं. कांताबेनकडे किलवरची दस्सीच तेवढी उरली होती, ती टाकणं त्यांना भाग होतं. राजा हसमुखभाईंकडे होता, त्यामुळे मी कापलं नसतं तर मेंढी त्यांचीच होती. मी हुकूम उघडला, बदामाने कापलं आणि मेंढी आमच्याकडे ओढली. आईच्या ओठांचा एक कोपरा हलला. बरोबर खेळ, एवढाच त्याचा अर्थ.

कांताबेनने हातातली पानं चटईवर पालथी ठेवली.

“वर्षाबेन, ये ठीक नहीं है. बेबी आँख से बोलती है.”

आई म्हणाली, काय?

“आपको कैसे मालूम उसके पास किलवर नहीं? आपने सीधा किलवर डाला.”

आईने सांगायला सुरुवात केली की तिने राणी टाकली म्हणजे खालचं पान नव्हतंच, राणी कुणी उगाच वाया घालवतं का. हे खरं होतं आणि पुराव्यासह होतं. पण हसमुखभाईंनी हात वर केला. ते मऊ स्वभावाचे गृहस्थ, कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेलं. त्यांनी जरा ओशाळून सांगितलं की ते पहिल्या डावापासून बघताहेत. दोनदा डोळे मारले की लाल पान, तीनदा मारले की काळं, आणि खांदा उडाला की दस्सी. ते त्या हिशेबानेच खेळत होते. मागच्या डावात त्यांनी चौकटची दस्सी दाबून धरली ती बेबीने दोनदा डोळे मारले म्हणून.

“अ‍ॅलर्जी है उसको,” आई म्हणाली.

“अ‍ॅलर्जी पत्ता देखके आती है?” कांताबेनने विचारलं. त्यात राग नव्हता. पण प्रश्न बरोबर होता.

आई पानं गोळा करू लागली. मला वाटलं, आता आपण उठणार. समोरचं दार कायमचं बंद होणार, आणि बोरिवलीला आई जे सांगणार होती ते आता दुप्पट जोराने सांगणार. माझे डोळे त्या वेळी नुसते मिटत-उघडत होते, थांबायचं नावच नाही. आईने वर पंख्याकडे पाहिलं. मग तिने खाली पाहिलं, सरळ माझ्याकडे. पानं तशीच हातात धरून ती बोलली, आणि घाईत आधी मराठीतच बोलली.

“खूण नाहीये ती. तिच्या हातात नाहीये ते.” मग कांताबेनकडे वळून, “टिक्स बोलते हैं उसको. अपने आप होता है. गोली चालू है उसकी, ध्यान लगने की. मैंने आपको झूठ बोला, अ‍ॅलर्जी-बिलर्जी कुछ नहीं है. पर मेरी लड़की पत्ते में चोरी नहीं करती. और मैं भी नहीं.”

कांताबेनने ताटातली दह्याची वाटी उचलून हातात धरली. खाली एक रिक्षा उभी राहून भाडं विचारत होती. नंतर मी अनेकदा विचार केला की आईने ते का सांगितलं. माझ्यासाठी, असं लिहायला बरं वाटेल. पण पुराव्यावरून पाहिलं तर पत्त्यांत लबाडी केल्याचा आरोप तिला सहन झाला नाही, हे मुख्य कारण असावं. माझं काम त्या कारणाच्या पाठीवर बसून झालं. मला त्याबद्दल तक्रार नाही.

कांताबेनने मला विचारलं, “दुखता है, बेटा?”

मी म्हटलं, नाही. छींक जैसा. येण्याआधी कळतं, डोळ्याच्या मागे काहीतरी भरून आल्यासारखं. रोखलं तर थोडा वेळ रोखता येतं, मग दोन येतात. कुणी बघितलं की जास्त येतात. कुणी बघायचं नाही असं ठरवून दुसरीकडे बघितलं, तरी जास्त येतात. खेळ रंगला की येत नाहीत.

आई ऐकत होती. हे सगळं तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने कधी विचारलंच नव्हतं, कारण तिला दुर्लक्ष करायला सांगितलं होतं आणि तिने सांगितलेलं काम मनापासून केलं होतं.

“दुर्लक्ष करने को बोला है डॉक्टरने,” ती कांताबेनला म्हणाली, थोडी बचावाच्या सुरात.

“वो क्या होता है?”

आई अडली. ‘लापरवाही’ म्हणणार होती, ते बरोबर वाटेना. शेवटी म्हणाली, “मतलब, आँख नहीं देखने का. पत्ता देखने का.”

हसमुखभाई इतका वेळ आपल्याच पानांकडे बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. “तो मैंने चौकट की दस्सी फालतू में दबाई?” ते म्हणाले. “आँख में कुछ था ही नहीं?”

“कुछ नहीं, अंकल.”

“दोनों गेम?”

“दोन्ही,” आई म्हणाली.

कांताबेन इतक्या हसल्या की त्यांना दह्याची वाटी खाली ठेवावी लागली. चाळीस वर्षं दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यावरून साडी ओळखतो म्हणून सांगणारा माणूस एका मुलीच्या पापण्या वाचून हरला, हे त्यांनी गुजरातीत दोनदा आणि हिंदीत एकदा सांगितलं. पुढच्या महिन्याभरात सगळ्या मजल्याला सांगितलं. त्यातून माझ्या गोळीची बातमीही सगळीकडे गेली, पण ती नेहमी हसमुखभाईंच्या फजितीची शेपटी म्हणून गेली. त्यामुळे कुणी तोंड पाडून आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई मात्र आपल्या मुलाची अशीच गोष्ट घेऊन आईकडे आली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात बसली. आईने तिला आधी घावन खायला घातले.

त्या दिवशी आम्ही जोड्या बदलल्या. हसमुखभाईंनी मला भिडू म्हणून मागून घेतलं, हिशेबवाली लड़की म्हणून. पण त्यांची सवय जाईना. मी डोळे मिटले की ते नकळत लाल पान ओढायचे, मग स्वतःच्या मनगटावर चापट मारून परत ठेवायचे. आई आणि कांताबेनने आमच्यावर कोट लावला. आईने त्या डावात पंख्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिला चौथी मेंढी हवी होती.

घरी जाताना, म्हणजे चार पावलांच्या पॅसेजमध्ये, आईने कुलूप काढत विचारलं, “शेवटचे तीन हात उरले तेव्हा हसमुखभाईंकडे इस्पिकची किती होती, तुला माहीत होतं?”

“दोन. राजा आणि सत्ती.”

तिने दार उघडलं. चपला नीट लावल्या, माझ्याही. मग आत जाता जाता म्हणाली, “बंद करा नाही म्हणणार मी. मात्रा कमी करता येते का, ते विचारू. बघू त्या काय म्हणतात.”

डॉक्टरबाईंनी मात्रा थोडी कमी केली. जेवढ्यात माझं वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचेल तेवढी ठेवली. खांद्यासाठी एक युक्तीही शिकवली. आतून ते भरून येऊ लागलं की कोपर हळूच बरगडीशी दाबून धरायचं, खांद्याला उडायला जागाच ठेवायची नाही, आणि सावकाश श्वास सोडत राहायचं. डोळ्यांसाठी, जोरात मिटायच्या ऐवजी मुद्दाम हळू, मऊ उघडझाप. पहिले काही दिवस जमलं नाही, मग जमू लागलं. पावसाळा संपेपर्यंत डोळे बरेच निवले. सहामाही परीक्षेत खांदा परत आला, दिवाळीत गेला, मग नाकाने एक बारीक सूं सूं काही काळ काढलं आणि तेही कंटाळून गेलं. आईला आता ते ऋतूंसारखं वाटायचं. आलं, जाईल. बाबांनी पाण्याची चौकशी बंद केली, आणि मग एकदा पाणी खरंच आलं नाही तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आजही डेस्कवर रात्रपाळीत मथळा दोन अक्षरांनी मोठा व्हायला लागला की माझे डोळे एकदा घट्ट मिटतात. शेजारी बसणाऱ्याला वाटतं मी विचार करतेय. कधीकधी करतही असते.

हसमुखभाई मात्र सुधारले नाहीत. पत्ते त्यानंतर दर रविवारी दुपारी चालू राहिले, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे, आणि आम्हा मायलेकींची जोडी परत ठरून गेली. एका रविवारी मी पानं छातीशी धरून डावं-उजवं लावत होते. खांदा भरून आला, म्हणून मी उजवं कोपर बरगडीशी दाबून धरलं, शिकवल्याप्रमाणे. हसमुखभाई एकदम ताठ झाले.

“कांता,” ते कुजबुजले, “कोहनी. कोहनी मतलब एक्का.”

माझे डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कांताबेन हसत होत्या. आईने मान वर केली नाही. तिच्या हातात त्या दिवशी पानं वाईट होती आणि ती त्यांच्याकडे अगदी बारकाईने बघत होती.

“ऋजू,” ती म्हणाली, “उतारी तुझी.”